बग पक्ष्यात नाही, काचेत आहे

मे सरत आला, ढग जमायला लागले की पुण्या-मुंबईच्या फ्लॅट्सवर दरवर्षी एक पाहुणा येऊन आदळतो. अक्षरशः आदळतो! नवरंग. बिचारा विणीसाठी रात्री-रात्री प्रवास करत येतो आणि पहाटे थेट कुणाच्या तरी हॉलच्या काचेवर. तिबोटी खंड्याचीही तीच गत. मग सोसायटीच्या ग्रुपवर फोटो पडतो आणि सल्ले सुरू. पाणी पाजा, हळद लावा, दूध द्या.

तर मंडळी, यातलं काहीही करू नका. चोचीत ओतलेलं पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं. बुटाचं खोकं घ्या, झाकणाला भोकं पाडा, तळाशी जुना सुती कपडा घाला, पक्ष्याला अलगद आत ठेवा आणि झाकण लावा. खोकं शांत जागी, मांजर आणि बच्चेकंपनीपासून लांब. दर पाच मिनिटांनी डोकावायचं नाही! तासाभराने झाडांजवळ नेऊन उघडा. रात्र झाली असेल तर सकाळी. उडाला तर उत्तम. पंख लोंबत असेल, रक्त दिसत असेल किंवा उडतच नसेल, तर महाराष्ट्रात वनविभागाची हेल्पलाइन आहे, १९२६. आणि "आपणच ठेवून घेऊ या का?" हा प्रश्न नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे.

एवढं सगळं केलं की मनाला बरं वाटतं. पण खरं सांगू? हे खोकं म्हणजे सर्व्हर रिस्टार्ट करण्यासारखं आहे. त्या वेळेपुरतं भागतं, पण एरर उद्या परत येणार. शिवाय अमेरिकेतल्या पुनर्वसन केंद्रांमधल्या तीन हजारांवर केसेसचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. काचेवर आपटून तिथे आलेल्या पक्ष्यांपैकी सुमारे ६० टक्के वाचले नाहीत. तेही तज्ज्ञांच्या हातात! डोक्याला बसलेला मार बाहेरून दिसत नाही.

म्हणजे फिक्स करायची ती काच. पक्ष्याला तिच्यात समोरचं झाड आणि आभाळ दिसतं, आणि तो त्या झाडाकडे जातो. यात त्याचं काय चुकलं? युजरला भिंतीत दरवाजा दिसत असेल तर युजरला मूर्ख म्हणून चालत नाही.

उपाय रॉकेट सायन्स नाही. काचेवर ठिपके किंवा रेघा हव्यात, दोन्हींमधलं अंतर साधारण ५ सेंटिमीटर, आणि मुख्य म्हणजे बाहेरच्या बाजूने. आतून लावलेलं प्रतिबिंबाच्या आड झाकून जातं. ससाण्याचं एकच स्टिकर लावून उपयोग नाही, पक्षी त्याच्या बाजूने जाऊन आपटतात. बाहेरून मच्छरजाळी किंवा उभ्या दोऱ्या लावल्या तरी चालतं.

शिकागोच्या मॅकॉर्मिक प्लेस या इमारतीवर आपटून ऑक्टोबर २०२३ मध्ये एका रात्रीत हजाराच्या आसपास पक्षी मेले. २०२४ च्या उन्हाळ्यात काचांवर ठिपक्यांची फिल्म लावली आणि त्या हिवाळ्याआधीच्या स्थलांतरात मृत्यू नव्वद टक्क्यांहून जास्त घटले. यापेक्षा चांगला टेस्ट रिपोर्ट काय हवा?

आता नेहमीचा आक्षेप. "अहो, पण बिल्डिंगचा लूक जाईल." आमच्याकडच्या काकांनी मीटिंगमध्ये हेच ऐकवलं. मी म्हटलं, काका, प्रत्येक खिडकीला एसीचं आउटडोअर युनिट आणि वाळत घातलेले कपडे चालतात, मग ठिपक्यांनीच लूक कसा बिघडतो? काका हसले. ठराव अजून पास व्हायचाय.

आपल्यापैकी निम्मे लोक काचेच्या इमारतीत नोकरी करतात. फॅसिलिटीवाल्यांकडे कॉफी मशीनचं तिकीट रेज करताना आपण लाजत नाही. खालच्या मजल्यांवर, झाडांसमोरच्या काचांसाठी एक तिकीट टाकून बघा. घरची एक खिडकी तर याच वीकेंडला होईल. फेविकॉल, नायलॉनची दोरी आणि अर्धा तास, बास.