आधी शीट तपासा, मग औषध पाजा

पशुधन पर्यवेक्षक म्हणून माझी सगळी नोकरी नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत झाली. शेळ्या-म्हशी घेऊन लोक दवाखान्यात येत, कबुतरं घेऊन क्वचितच कोणी. पण नांदेडच्या इतवाऱ्यात, लातूरला गंजगोलाईच्या आसपास, उदगीरच्या जुन्या माळवदांवर गिरेबाज आणि लक्का कबुतरं जिवापाड जपणारी पोरं आहेत. पाखरू खायलंय तरी वाळायलंय, छातीचं हाड हाताला टोचायलंय असं दिसलं, की ती शेळीच्या जंतांचं औषध अंदाजानं चोचीत सोडतात. हे थांबलं पाहिजे.

शेळीला निर्धास्त देतात ते अल्बेंडाझोल कबुतराला सोसत नाही, फेनबेंडाझोलही नाही. दोन्हींनी अस्थिमज्जेत रक्तपेशी तयार होणं मंदावतं, आतड्याचं अस्तर खराब होतं. जंत परवडले असते, अशी वेळ औषधानंच येते. वाईट याचं वाटतं, की मालकानं ते मायेनं पाजलेलं असतं.

शिवाय वाळण्याचं कारण दर वेळी जंतच असतील असं नाही. कॉक्सिडिया हा एकपेशीय जीव, त्याच्यावर जंताचं औषध चालतच नाही. गोलकृमी शीटेत कधी डोळ्यांनी दिसतात, पण केसासारखे बारीक कॅपिलारिया दिसत नाहीत. फीतकृमी मुंग्या नि किडे खाण्यातून येतात, म्हणजे त्यांचा बंदोबस्तही निराळा. हा फरक कळायला लागतं काय? थोडी शीट, मिठाचं संपृक्त पाणी, काचपट्टी आणि सूक्ष्मदर्शक. बहुतेक अंडी वर तरंगतात आणि जाणकाराला ओळखू येतात.

उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथं हे शास्त्र शिकवलं जातं. मग पावसाळ्याच्या तोंडावर तालुक्याच्या दवाखान्यात एक वार कबुतरांच्या शीट-तपासणीला का ठेवू नये? 2025 मध्ये मुंबईत दादरच्या कबुतरखान्यावरून केवढा वाद पेटला. त्यामागची माणसांच्या फुप्फुसांची काळजी रास्तच होती. पण घरच्या ढाबळीतल्या पाखराच्या पोटाकडे बघायलाही कोणी हवं.

पावसाळा म्हणतो तो उगाच नाही. ओल आणि ऊब मिळाली, की कॉक्सिडियाची बीजं एक-दोन दिवसांत लागण करण्याजोगी होतात. गोलकृमींच्या अंड्यांना दोन-तीन आठवडे लागतात. म्हणून शीट रोज खरवडायची, तीही कोरडी. धुऊन ओली राहिलेली फळी म्हणजे रोगाला आमंत्रण. 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेल्या लातुरात तर ही बिनपाण्याची पद्धत सगळ्यांना जमण्यासारखी आहे. दाणा जमिनीवर फेकू नका, कडेच्या भांड्यात ठेवा. खरवडताना तोंडाला रुमाल बांधा. कबुतराचे गोलकृमी माणसाला होत नाहीत, पण ती धूळ छातीला वाईट.

तपासायला न्यायची शीट सकाळची, ताजी हवी. रात्री फळीवर कागद अंथरा, सकाळी वेगवेगळ्या जागची थोडी थोडी झाकणाच्या डबीत घ्या आणि त्याच दिवशी पोचवा. त्याआधी कुठलंही औषध पाजू नका.