एका डासाची पुरवणी

रविवारच्या बालपुरवण्या मी अजूनही आवडीनं वाचते. एका बाजूला ‘करून पाहा’, मधे ‘माहीत आहे का?’ आणि खाली कोपऱ्यात आरोग्याचा सल्ला. म्हणजे आइस्क्रीमच्या काड्यांचं पेनस्टँड, ऑक्टोपसची तीन हृदयं आणि जेवणाआधी हात धुवा. तिन्ही गोष्टी चांगल्याच. पण मुलांचं कुतूहल असं चौकटी आखून चालत नाही. हात कामात असले की त्यांना प्रश्न सुचतात आणि ते बहुतेक वेळा स्वतःच्या अंगाशी, घराशी नाहीतर अंगणाशी जोडलेले असतात. ऑक्टोपसची हृदयं त्यांना मोजून पाहता येणार नाहीत. ती माहिती पाठ होईल, सांगून दाखवता येईल आणि तिथंच थांबेल. म्हणून मला वाटतं, कधीतरी अख्खं पान एकाच प्राण्याला द्यावं आणि तो प्राणी मुलांच्या घरातलाच असावा. या पावसाळ्यात मी डास निवडला.

आमच्या जिन्याखाली एका फुटक्या बादलीत पावसाचं पाणी साचलं होतं. त्यात वळवळणाऱ्या अळ्या मुलांनीच शोधल्या. ते पाणी आम्ही काचेच्या बरणीत घेतलं, उरलेलं तापलेल्या फरशीवर ओतून दिलं. बरणीच्या तोंडावर मलमलीचं दुहेरी फडकं घालून रबरबँड पक्का बसवला. एक गोष्ट इथंच सांगते. हा उद्योग घरातलं मोठं माणूस शेजारी असेल तरच करायचा आणि फडकं एकदाही सैल होऊ द्यायचं नाही.

बघायला भिंग हवं. विकतचं नसलं तरी अडत नाही. तांब्याची बारीक तार खिळ्याभोवती एकदा गुंडाळायची, की छोटी कडी तयार होते. ती पाण्यात बुडवून अलगद उचलली, की कडीत पाण्याचा थेंब अडकून राहतो. तो थेंबच भिंग. आधी वर्तमानपत्राच्या अक्षरांवर धरून पाहायचा. थेंब फुगीर असेल तर अक्षर मोठं दिसतं, झटकून पातळ केला तर उलट लहान दिसतं. पुण्यात आयुका या संशोधन संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी वर्षानुवर्षं मुलांना अशाच वस्तूंतून विज्ञान शिकवलं. काडेपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, जुनी वर्तमानपत्रं हे त्यांचं साहित्य. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मुलाच्या हातात स्वतः बनवलेलं साधन आलं, की ते दहापट लक्ष देऊन पाहतं, हे त्यांच्या कामातून मी शिकले.

अळी पाण्यात डोकं खाली, शेपूट वर अशी लटकलेली असते. शेपटाच्या टोकाला एक आखूड नळी दिसते. श्वास घ्यायची नळी ती. तिचं टोक पाण्याच्या पृष्ठभागाला टेकलेलं असतं. तोंडाशी दोन बारीक ब्रश सारखे हलत असतात. पाण्यातले सूक्ष्म जीव आणि कुजलेला पाचोळा ते तोंडाकडे लोटतात. बरणीवर हाताची सावली पडली, की सगळ्या अळ्या एकदम अंग मुडपत तळाला जातात. मुलांना हा खेळ फार आवडला. सावली पाडायची, अळ्या खाली. हात काढायचा, थोड्या वेळानं एकेक वर. अळ्या वर का येतात, हे कुणाला सांगावं लागलं नाही. श्वास संपला की यावंच लागतं.

पण नळीचं टोक पाण्याला टेकून अळी लटकते कशी? पाण्याला काय खुंटी असते? इथं बरणी बाजूला ठेवून वाटी घ्यायची. वाटीभर पाण्यावर टिश्यू पेपरचा तुकडा, त्यावर शिवणाची सुई. कागद भिजून खाली जातो, सुई मात्र पाण्यावर तरंगत राहते. भिंगातून पाहिलं तर सुईखाली पाणी किंचित दबलेलं दिसतं. पाण्याच्या वरच्या थरातले कण एकमेकांना घट्ट ओढून धरतात, म्हणून तिथं ताणलेल्या पडद्यासारखा थर तयार होतो. आता भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब वाटीत टाकायचा. सुई गपकन बुडते. साबणानं तो ताण सैल होतो. अळीची नळी याच ताणाच्या आधारानं टेकलेली असते. साचलेल्या डबक्यावर तेलाचा पातळ थर सोडतात, तोही हा आधार मोडायला आणि नळीची हवा तोडायला.

काही दिवसांत अळ्या चार वेळा कात टाकतात. बरणीच्या तळाशी पारदर्शक सालपटं साठतात. मग एका सकाळी काही अळ्यांच्या जागी स्वल्पविरामाच्या आकाराचे काळपट जीव दिसू लागतात. हे कोष. कोष काही खात नाही, पण फुलपाखराच्या कोषासारखा निपचितही पडून राहत नाही. धक्का लागला की कोलांट्या मारत खाली जातो. आता त्याच्या दोन श्वासनळ्या डोक्याकडच्या बाजूला आलेल्या असतात. उन्हाळी-पावसाळी हवेत ही अवस्था जेमतेम दोन दिवसांची. त्यानंतर कोषाची पाठ उकलते आणि आतून डास वर सरकत येतो. आधी छातीचा उंचवटा, मग डोकं, मग दुमडलेले ओले पाय एकामागून एक. रिकाम्या सालीवरच तो पाय टेकतो आणि पंख ताठ होईपर्यंत पाण्यावर उभा राहतो. आमच्या बरणीतल्या डासाच्या काळ्या पायांवर पांढरे पट्टे होते. हा एडिस, डेंग्यू पसरवणारा. दंगा करणारी ती पोरं त्याच्याकडे टक लावून पाहत होती. कुणीच काही बोलेना. मग आम्ही फडक्यावरूनच साबणाचं पाणी आत ओतलं. साबणानं काय होतं ते वाटीत पाहिलेलं होतंच.

एवढं पाहिल्यावर आरोग्याचा सल्ला वेगळा द्यावा लागत नाही. गरम हवेत अंड्यापासून डासापर्यंतचा प्रवास साधारण आठ-दहा दिवसांत होतो. म्हणूनच आरोग्य खातं आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतं. तो पंधरवड्यातून का नाही, याचं उत्तर बरणीत असतं. सात दिवसांनी भांडं रिकामं केलं तर अळी अळीच राहते, उडत नाही. आणि नुसतं पाणी ओतून भागत नाही, भांडं घासायला हवं. कारण एडिसची मादी पाण्यात नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला एकेक काळं अंडं चिकटवते. पाणी आटलं तरी ती अंडी कित्येक महिने तग धरतात. पुन्हा पाणी चढलं की फुटतात. गेल्या पावसाळ्यातला कूलर न घासता नव्यानं भरला, तर त्यात गेल्या पावसाळ्याची अंडी असू शकतात. हे ऐकल्यावर तिसरीतली एक मुलगी घरी गेली आणि तिनं आईकडून काथ्या मागून घेतला.

कोरड्या दिवसाची, म्हणजे शनिवारची पाहणी आता मुलांकडे आहे. कुंडीखालच्या बशा, फ्रिजच्या मागचा ट्रे, गच्चीवरचे टायर, नारळाच्या करवंट्या, पक्ष्यांसाठी ठेवलेलं पाण्याचं भांडं, झाकण नसलेला पिंप. फ्रिजच्या मागे ट्रे असतो हे कित्येक घरांत मोठ्यांनाच ठाऊक नव्हतं.

डासाचं गुणगुणणं हा मुलांचा लाडका विषय. तो आवाज तोंडाचा नाही, पंखांचा. मादीचे पंख सेकंदाला चारशे-पाचशे वेळा हलतात. घरात पेटी असेल तर पांढरी सहा दाबून पाहा. तो सूर सेकंदाला ४४० कंपनांचा, म्हणजे साधारण त्याच पट्टीतला. कंपनं वाढली की सूर चढतो, हे पटवायला कागदी स्ट्रॉ पुरेशी. तिचं एक टोक दातांखाली चपटं करायचं, दोन्ही कडा कातरीनं तिरक्या कापून ते टोकदार करायचं आणि तोंडात धरून जोरात फुंकायचं. पहिल्यांदा नुसती हवा जाते. ओठांचा दाब जमला की पिपाणी वाजते. आता एकानं वाजवत राहायचं आणि दुसऱ्यानं दुसऱ्या टोकाकडून स्ट्रॉ थोडी थोडी कापत जायची. सूर चढत चढत जातो आणि हसून हसून वाजवणाऱ्याचा दम जातो. डासांचं निम्मं जग या सुरावर चालतं. नराच्या मिशा झुपकेदार, पिसांसारख्या असतात. त्यांच्या मुळाशी असलेल्या इंद्रियानं तो मादीच्या पंखांचा सूर ऐकतो आणि तिला शोधत येतो. नर चावत नाही. तो फुलांचा मध आणि झाडांचे रस पिऊन जगतो. रक्त लागतं ते मादीला, अंड्यांसाठी. बाहेरून तिची सोंड एकच दिसते, पण आत सहा बारीक सुया असतात. रक्त गोठू नये म्हणून ती आधी आपली लाळ सोडते. आपल्याला खाज येते ती त्या लाळेमुळे. नखांनी ओरबाडलं तर कातडी सोलवटते आणि जखमेत घाण जाते. त्यापेक्षा गार पाण्याची पट्टी बरी.

गप्पी माशांविषयी मुलं हमखास विचारतात. गप्पी अंडी घालत नाही, थेट पिल्लांनाच जन्म देते आणि तिला डासांच्या अळ्या फार आवडतात. म्हणून ते मासे विहिरींत आणि हौदांत सोडतात. पण गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेचा. बंदिस्त पाण्यात तो ठेवावा. ओढ्यात, नदीत सोडू नये. तिथं तो आपल्या माशांच्या वाट्याचं खातो. वाहत्या आणि मोकळ्या पाण्यात अळ्या खाणारे आपले लोक आहेत. चतुराचं पिल्लू पाण्यातच वाढतं आणि अळ्यांवर जगतं, मोठा झालेला चतुर हवेत डास पकडतो. चतुराच्या शेपटीला दोरा बांधून त्याला उडवायचा खेळ आमच्या लहानपणी सर्रास चाले. आता मी तो बघितला की थांबवते, आणि का थांबवते तेही सांगते.

डास आजार कसा पसरवतो याची गोष्ट हवी असेल तर रोनाल्ड रॉसची सांगावी. १८५७ साली अल्मोड्यात जन्मलेला हा लष्करी डॉक्टर १८९७ च्या ऑगस्टमध्ये सिकंदराबादेत डासांची पोटं चिरून बघत बसला होता. उकाडा जीवघेणा, पण चिरलेले डास उडून जातील म्हणून पंखा बंद. कपाळावरच्या आणि हातांच्या घामानं सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले होते. हुसेन खान नावाचा मलेरियाचा रुग्ण पैसे घेऊन डासांना चावू देत असे, डासागणिक एक आणा. त्याला चावलेल्या एका डासाच्या पोटाच्या भिंतीवर २० ऑगस्टला रॉसला मलेरियाचे जंतू वाढताना दिसले. पुढच्या वर्षी कलकत्त्यात पक्ष्यांच्या मलेरियावर काम करून त्यानं जंतूंच्या प्रवासाचा उरलेला मार्गही शोधला. १९०२ साली त्याला नोबेल मिळालं. मला या गोष्टीत हुसेन खान महत्त्वाचा वाटतो. त्याच्या अंगातल्या तापाशिवाय तो शोध लागलाच नसता, आणि मुलांनाही त्याचं नाव माहीत असावं.

गोष्ट संपल्यावर पाचवीतल्या एका मुलानं विचारलं, “मावशी, म्हणजे डास आजार घेऊन जन्माला येत नाही? आधी तो आजारी माणसालाच चावतो?”

“बहुतेक वेळा हो.”

“मग मच्छरदाणीत ताप आलेल्या माणसाला ठेवायला हवं. आपण तर उलट बाळालाच ठेवतो.”

बाळाला ठेवायचंच, पण त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. डेंग्यूच्या रुग्णाच्या रक्तात तापाचे पहिले चार-पाच दिवस विषाणू असतो. त्या दिवसांत चावलेली एडिस आठ-दहा दिवसांनी दुसऱ्या कुणाला तो आजार देऊ शकते. म्हणून रुग्णालयात डेंग्यूच्या खाटांना मच्छरदाण्या लावलेल्या असतात. आणि एडिस दिवसा चावते, सकाळी आणि सूर्यास्ताच्या आधी जास्त. तेव्हा घरी कुणाला ताप असेल तर मच्छरदाणी दुपारीही लावायची. ताप आला की डॉक्टरांना दाखवायचं, ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन मनानं द्यायचं नाही, पाणी, पेज, शहाळं असं पातळ भरपूर द्यायचं. ताप उतरला म्हणून निर्धास्त व्हायचं नाही, कारण डेंग्यूत धोक्याची वेळ बहुधा ताप उतरताना येते. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, फार ग्लानी, यातलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी दवाखाना गाठायचा.

त्या मुलाच्या आजोबांना त्याच आठवड्यात ताप आला होता. तो घरी गेला आणि माळ्यावरची मच्छरदाणी काढायला लावून त्यानं ती भर दुपारी त्यांच्या पलंगाला बांधली. आजोबांनी कुरकुर केली. त्यानं त्यांना हुसेन खानाची गोष्ट सांगितली.