पार्सलावर लिहिलेली ‘भेट’

परदेशातून मागवलेल्या दोन-तीनशे रुपयांच्या वस्तूवर कर लावायचा म्हणजे सरकारनं बायकांच्या पर्सला हात घालायचा, असं आपल्या महिला मंडळांत हल्ली फार ऐकू येतं. धारला ऐकलं, देवासला ऐकलं, आणि दोन्हीकडे माना डोलताना पाहिल्या. माझं म्हणणं उलट आहे. हा कर योग्य आहे. तो चुकवून आलेल्या स्वस्ताईला निदान आपण जैन बायकांनी तरी पाट मांडून घरात बसवू नये.

आधी काय घडलं ते नीट आठवू या. परदेशातल्या माणसानं पाठवलेल्या पाच हजार रुपयांपर्यंतच्या भेटीला आपल्याकडे कस्टम माफ होतं. सवलत होती मायेसाठी. २०१८-१९च्या सुमारास ॲपवर विकलेला चिनी माल याच दारानं आत येऊ लागला. कुर्त्या, कानातले, मोबाइलची कव्हरं, सगळं पैसे मोजून घेतलेलं, आणि पाकिटावर लिहिलेलं ‘गिफ्ट’. चीनमधला असा कोण भाऊ आहे हो, जो कुक्षीच्या मुलीला दर पंधरवड्याला न चुकता भेट पाठवतो?

१२ डिसेंबर २०१९ला विदेश व्यापार महासंचालनालयानं हे दार लावून घेतलं. टपालानं किंवा कुरिअरनं आलेली भेट यापुढे पूर्ण कर भरूनच सोडवायची. त्यातून वगळलं कशाला? जीवनरक्षक औषधांना, आणि राखीला. राखीबरोबरची भेटवस्तू नाही, फक्त राखी. कस्टमच्या कायद्यात शंभर रुपयांपर्यंतचा कर वसूलच करत नाहीत, त्यात ती बसते. मला हा रुक्ष कागद त्या एका शब्दासाठी आवडतो. भेट कशाला म्हणायचं आणि सौदा कशाला, हे आपल्यापेक्षा त्या कागदाला जास्त कळलं.

पुढे २९ जून २०२०ला ५९ चिनी ॲपवर बंदी आली. तिचं कारण देशाची सुरक्षा होतं, कर नव्हे. या दोन गोष्टींची खिचडी करून “चीनशी भांडण आणि भुर्दंड आम्हाला” असं म्हणू नका.

आता हिशेब पाहा. देवासचा एखादा दुकानदार तोच माल कंटेनरनं मागवतो तेव्हा वस्तूची किंमत, जहाजाचं भाडं आणि विमा यांची बेरीज करून त्यावर सीमाशुल्क लागतं. त्या शुल्कावर दहा टक्के समाजकल्याण अधिभार, आणि या सगळ्यावर पुन्हा जीएसटी. तो हे भरतो, वर दुकानाचं भाडं, विजेचं बिल, पोऱ्याचा पगार. आणि तीच वस्तू पाकिटात घालून ‘भेट’ म्हणून आली की शून्य! मग दुकानदार महागडा आणि ॲप दयाळू असं आपण म्हणणार. वस्तू स्वस्त नव्हती, बायांनो. तिच्यावरचं खोटं स्वस्त होतं.

याचा मार कोणाला बसतो ते धार जिल्ह्यात दूर शोधावं लागत नाही. बाघला जा. तिथले खत्री छपाईवाले सुती कापड धुतात, भिजवतात, हिरड्याच्या पाण्यातून काढतात, लाकडी ठशांनी छापतात, वाहत्या पाण्यात पुन्हा धुतात, आणि अलिझरिन व धावडीच्या फुलांबरोबर तांब्याच्या कढईत उकळतात. तेव्हा कुठे तो लाल आणि तो काळा उमटतो. या छपाईला भौगोलिक मानांकन आहे. पण मानांकनानं चूल पेटत नाही, गिऱ्हाइकानं पेटते. त्यांचा दुपट्टा आणि मशीनवर छापून करमाफीत आलेला दुपट्टा एकाच पडद्यावर शेजारी ठेवला तर बोट कुठे टेकणार, हे सांगायला नको.

आपल्या शास्त्रात याला नाव आहे. दशलक्षणात सातव्या दिवशी तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय आपण ऐकतो. त्यात अचौर्याच्या पाच अतिचारांत एक आहे विरुद्धराज्यातिक्रम. सर्वार्थसिद्धीत पूज्यपादांनी त्याचा खुलासा केला आहे, त्याचा आशय असा की, तिथे मोलाच्या वस्तू कमी भावात मिळतात म्हणून न्यायाची रीत सोडून देवघेव करणं. कंद-बटाट्याबाबत आपण इतक्या काटेकोर, की लग्नाच्या पंगतीत आचाऱ्याला बोलावून विचारतो. पार्सलाला हा प्रश्न का नाही?

आणि पुरुषांनी फार खूश होऊ नये. त्याच अध्यायातला पुढचा एक अतिचार आहे प्रतिरूपकव्यवहार, म्हणजे खऱ्याच्या जागी नकली. व्यापारी संघाच्या बैठकीत ऑनलाइनविरुद्ध मुठी आवळायच्या, आणि गल्ल्यामागे स्क्रीनवर छापलेला माल ‘ओरिजिनल बाघ’ म्हणून विकायचा! बिल मागितलं की “बिलाशिवाय घ्या, कमी लावतो.” हे चालू आहे तोवर ॲपला नावं ठेवण्याचा अधिकार आपल्या दुकानांना नाही.

एक आक्षेप मात्र मी हलका मानत नाही. लहान गावातल्या मुलीला तीनशे रुपयांत शहरासारखा फ्रॉक मिळतो, तुम्ही पोट भरलेल्या बायका तिच्या आड का येता? बरोबर आहे. कर तिच्या खिशाला जास्त टोचतो. पण तिची आई शिलाई मशीनवर बसते ना? तीनशेच्या करचुकव्या फ्रॉकपुढे आईची शिलाई किती उरणार? मुलीला स्वस्त कपडा द्यायचा असेल तर देशातल्या कापडावरचा कर कमी करा, आईला कर्ज द्या. खोट्या चिठ्ठीनं गरिबी हटत नाही. सरकारलाही सुनवायला हवं. कराचा पूर्ण आकडा पैसे देण्याआधी, साध्या हिंदी-मराठीत दिसला पाहिजे. पोस्टमन दारात उभा राहून आकडा सांगतो तेव्हा बाईला तो कर वाटत नाही, दंड वाटतो.

हे फक्त आपल्याकडेच आहे असंही नाही. अमेरिकेत आठशे डॉलरपर्यंतच्या पार्सलांना माफी होती. २९ ऑगस्ट २०२५ला ती सगळ्या देशांसाठी संपली. नियमांच्या गोंधळात आपल्या टपाल खात्यानं २५ ऑगस्टपासून तिकडची बहुतेक पार्सलं थांबवली, ती १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू केली. दिवाळी २०-२१ला. किती घरांतल्या चकल्या आणि शंकरपाळे डब्यातच राहिले! युरोपनंही दीडशे युरोखालच्या पार्सलांतल्या वस्तूंवर १ जुलै २०२६पासून तीन युरो लावायचं ठरवलं आहे. जगभर माफीचा गैरफायदा घेतला गेला व्यापारासाठी, आणि दार बंद झालं तेव्हा बोट चेमटलं आईचं. म्हणून तर म्हणते, खोटी भेट खऱ्या भेटीची वैरीण असते.

देवासात १९४८पर्यंत एकाच गावात दोन दरबार होते, थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन खजिने, दोन कारभार. आपल्या मनातही तशाच दोन पात्या झाल्या आहेत. मंदिरजीत एक हिशेब, मोबाइलवर दुसरा. त्या एक करायला कुणा सरदार पटेलांची वाट बघायला नको. लेकीला परदेशी डबा पाठवाल तेव्हा त्यावर खरी किंमत लिहा. मंडळाच्या दिवाळी स्टॉलवर बिलाशिवायचा माल ठेवू नका. बाघचा दुपट्टा घ्याल तर छापणाऱ्याचं गाव विचारा. महाग पडेल, थोडा. वर्षात दोन कमी घ्या. अपरिग्रह म्हणून पाठशाळेत मुलांना शिकवतो, ते याहून वेगळं काय आहे?