आमवाताचा काढा आणि पुराव्याचा काटा

दसरा-दिवाळीच्या सुमारास वडवणी तालुक्यातल्या वाड्या-तांड्यांवरून कोयते बाहेर पडतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. त्यातल्या बाईची बोटं सकाळी तासभर वळत नसतील, मनगटं सुजली असतील, तर मोळी बांधायची कुणी? उचल तर फेडावीच लागते. मग 'वात असेल' म्हणून तेल चोळत वर्ष-दोन वर्षं काढली जातात आणि तेवढ्यात सांधे कायमचे वाकडे होतात.

वाचकहो, वयोमानाने होणारी गुडघ्याची झीज वेगळी आणि आमवात वेगळा. आमवातात शरीराची रोगाशी लढणारी यंत्रणाच सांध्यांवर उलटते. हे दुखणं बायकांत पुरुषांच्या दोन-तीन पट आढळतं. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ पासून पाहणी केली, तेव्हा प्रौढांत हजारी सुमारे पाच जणांना हा रोग आढळला.

आयुर्वेदाला हा रोग नवा नाही. 'माधवनिदान' या जुन्या ग्रंथात आमवात स्वतंत्रपणे सांगितला आहे. लंघन, सुंठ, एरंडतेल, वाळूच्या पुरचुंडीचा कोरडा शेक हे त्यावरचे उपचार. सुरुवातीच्या अवस्थेत तेलाची मालिश वर्ज्य मानली आहे. आपल्याकडे मात्र पहिली धाव तेलाच्या बाटलीकडे!

परंतु परंपरा जुनी म्हणून औषध लागू पडतं असं नव्हे. नवं वाण घेताना तुम्ही शेजारच्या सऱ्यांत जुनं वाण ठेवून उतारा बघता ना? औषधाचंही तसंच करावं लागतं. अश्वगंधा, सालई, सुंठ आणि हळद यांच्या औषधाची चाचणी डॉ. चोप्रा व सहकाऱ्यांनी १८२ रुग्णांवर १६ आठवडे केली. काहींना खरं औषध, काहींना तशीच दिसणारी पोकळ गोळी. २००० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : औषध घेणाऱ्यांत काही जण सुधारले, तसे पोकळ गोळीवाल्यांतही सुधारले. सांध्यांची सूज औषधाने जास्त उतरली. बाकी फरक निर्णायक नव्हता. म्हणजे 'अमक्याला गुण आला' एवढ्यावर भरवसा ठेवून चालत नाही.

दुसरी चाचणी कोइमतूरची, २०११ साली प्रसिद्ध झालेली. वैद्यांची शास्त्रोक्त चिकित्सा, मेथोट्रेक्सेट गोळी आणि दोन्ही मिळून, असे तीन गट. ३६ आठवड्यांनंतर तिन्हींत गुण जवळपास सारखाच. आशा वाटावी अशी ही गोष्ट. पण रुग्ण होते अवघे ४३. एवढ्यावरून चालू गोळी बंद करणं म्हणजे एका पावसावर पेरणी करणं होय.

धोका खरा आहे तो निनावी पुड्यांचा. काहींत स्टेरॉईड मिसळलेलं असतं. चार दिवस बरं वाटतं, मग तोंड सुजतं, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. अमेरिकेत बोस्टन परिसरात विकली जाणारी ७० आयुर्वेदिक औषधं तपासल्याचा निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाला, त्यांतल्या १४ मध्ये शिसं, पारा किंवा सोमल सापडला.

तेव्हा एवढं करा. सांध्यांची सूज आणि सकाळचा ताठरपणा सहा आठवड्यांवर गेला, तर अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा बीडच्या जिल्हा रुग्णालयात दाखवा. काढा घ्यायचाच तर नोंदणीकृत वैद्याकडून घ्या आणि दोन्ही डॉक्टरांना सगळं सांगा. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज नव्हे. मधून मधून रक्त तपासावं लागतं आणि गरोदरपणी ती चालत नाही. पुडी खूप दिवस घेतली असेल तर एकाएकी बंद करू नका. आधी डॉक्टरांना दाखवा.

सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील यांनाही सांगणं आहे. संधिवात हमखास बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. आठवडी बाजारात भोंगा लावून पुड्या विकणाऱ्याला जागा देताना हे आठवा. आणि कोयते गाव सोडण्याआधी आशाताईंना घेऊन बायकांचे हात एकदा तपासून घ्या. हंगाम संपेपर्यंत थांबलात, तर उशीर झालेला असेल.