नदीचा अपटाइम कोण बघतं?

आमच्या धंद्यात वेबसाइट दोन मिनिटं बंद पडली तरी रात्री तीन वाजता कुणाच्या तरी फोनवर अलार्म वाजतो. चंद्रपुरात वेकोलिच्या ओपनकास्ट खाणी आणि ओबीचे डोंगर यांच्या शेजारून इरई वाहते आणि पुढे वर्धेला मिळते. खाणीतून उपसून बाहेर सोडलेल्या पाण्याची नेहमीची तपासणी किती वेळा? पंधरवड्यातून एकदा. म्हणजे वर्षाला साधारण २६ नमुने. मधल्या दिवसांत काय वाहून गेलं, ते कागदाला ठाऊक नसतं. याला मॉनिटरिंग म्हणायचं असेल, तर आमच्याकडच्या सगळ्यांना नोकरीवरून काढा.

बरं, तपासतात काय? पीएच, तरंगता गाळ, सीओडी, तेल-ग्रीस. २००० सालच्या मानकांनुसार पीएच ५.५ ते ९ मध्ये आणि गाळ लिटरमागे १०० मिलिग्रॅमच्या आत असला की त्या दोन रकान्यांत पास. पण कोळशासोबत पायराइट येतं. त्याला हवा-पाणी लागलं की आम्ल आणि सल्फेट तयार होतं. आजूबाजूच्या खडकात चुना असेल तर आम्ल मरतं, पीएच सात-आठवर येऊन बसतो. सल्फेट मात्र पाण्यातच राहतं, सोबत कॅल्शियम-मॅग्नेशियमही विरघळतं. पाणी नितळ दिसतं आणि क्षारांनी जड असतं. हे पकडायला विद्युतवाहकता मोजावी लागते. पाण्यात दांडी बुडवली की काही सेकंदांत आकडा मिळतो. त्या चारांच्या यादीत ती नाही.

मोजतं कोण? वेकोलि कोल इंडियाची. तिच्या खाणींचं पर्यावरण मॉनिटरिंग करणारी सीएमपीडीआय, तीही कोल इंडियाचीच. कुणी खोटं लिहितं असा माझा आरोप नाही. पण स्वतःचा कोड स्वतःच रिव्ह्यू करून मर्ज करायला कुठलीही शहाणी टीम देत नाही.

‘सेन्सर महाग, गाळाने माखतात’ हे उत्तर ठरलेलं. २०१४ साली केंद्रीय प्रदूषण मंडळाने १७ प्रकारच्या उद्योगांना ऑनलाइन सेन्सर बसवायला सांगितले. त्यात साखर कारखाने आहेत, औष्णिक वीज केंद्रं आहेत. कोळसा खाणी नाहीत. म्हणजे कोळसा जाळणाऱ्याच्या पाण्यावर सेन्सर आणि खणणाऱ्याला सूट! माखले तर पुसा. त्यासाठी आठवड्याला एक माणूस पुरतो. सेन्सरला शिसं किंवा आर्सेनिक दिसत नाही, हे खरं. म्हणून प्रयोगशाळेची बाटली हवीच. फक्त ती कॅलेंडर बघून नको, आकडा उडी मारेल तेव्हा भरा. ओबीवरची माती धुऊन आणणारा जूनचा पहिला पाऊस पंधरवड्याची तारीख विचारून पडत नाही.

मागणी साधी आहे. खाणीच्या वरच्या अंगाला एक सेन्सर, खालच्या अंगाला एक, दर तासाला नोंद. नुसता खालचा आकडा दाखवला तर दोष शहरावर आणि शेतीवर ढकलता येतो. दोन्हींतला फरक दाखवला तर खाणीचा वाटा लपत नाही. देखरेख खाणीबाहेरच्या संस्थेकडे द्या, आणि डेटा सहामाही अहवालाच्या पीडीएफमध्ये न पुरता रोज उघड्या सीएसव्हीत टाका. ग्राफ काढायला आम्ही बसलोय.

तुमच्या तालुक्यात खाणीच्या विस्ताराची जनसुनावणी लागली, तर जा. एवढंच विचारा: एकाच तासाचे वरचे आणि खालचे आकडे कुठे आहेत? आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा.