नदीच्या पोटात किती मावेल?

वाहते पाणी आपोआप शुद्ध होते, असे वडीलधारी मंडळी सांगतात. आणि ते खोटे नाही. पाण्यातील जिवाणू घाण खाऊन तिचे साध्या पदार्थांत रूपांतर करतात. मात्र हे काम करताना ते पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात, आणि नदीजवळ त्याचा साठा फार थोडा असतो. 30 अंश सेल्सिअस तपमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे साडेसात मिलिग्रॅमच प्राणवायू विरघळतो. त्यातला चार मिलिग्रॅम तरी माशांसाठी राखला पाहिजे. म्हणजे खर्चायला उरला साडेतीन मिलिग्रॅम!

आता एक हिशेब करू. कृष्णाकाठी वाई, कराड अशी गावे आहेत. नदीकाठच्या अशाच एखाद्या चाळीस हजार वस्तीच्या गावाची कल्पना करा. माणशी रोज 135 लिटर पाणी धरले आणि त्यातले 80 टक्के गटारात गेले, तर रोजचे सांडपाणी होते सुमारे 43 लाख लिटर. एक लिटर सांडपाण्यातील घाण खाताना जिवाणू पाच दिवसांत 200 मिलिग्रॅम तरी प्राणवायू वापरतात. तेवढा पुरवायला नदीचे 57 लिटर पाणी हवे! साऱ्या गावासाठी रोज साडेचोवीस कोटी लिटर, म्हणजे सेकंदाला 2,800 लिटरांहून अधिक. वाहत्या पाण्यात हवेतून प्राणवायू पुन्हा मिसळतो हे खरे. पण उन्हाळ्यात पात्र आटून नुसते डोह उरतात, तेव्हा हा मेळ कसा बसावा? मग मासे मरतात आणि पाण्याला कुजक्या अंड्यांसारखा वास येतो.

शिवाय वरच्या गावाचे सांडपाणी मिसळलेली नदी हीच खालच्या गावाची पाणपोई असते. दिल्लीत 1955-56 साली, यमुनेचे पाणी शहरासाठी जिथे उचलले जाई तिथवर सांडपाणी पोचले आणि सुमारे 29,000 लोकांना कावीळ झाली.

उपाय एकच: जिवाणूंचे हे काम नदीत पोचण्यापूर्वीच उरकून घ्यायचे. 1914 साली इंग्लंडमधील मँचेस्टर येथे आर्डर्न आणि लॉकेट यांनी त्याची एक रीत दाखवली. सांडपाण्यात हवा भरायची आणि तळाशी बसणारा जिवाणूंचा गाळ पुन्हा पुन्हा वापरायचा. या रीतीला जागा थोडी लागते, पण यंत्रे रात्रंदिवस चालावी लागतात. वीज गेली की जिवाणू गुदमरतात.

दुसरी रीत साधी आहे. उथळ तळ्यांत सांडपाणी कित्येक दिवस साठवायचे. उन्हात शेवाळ वाढते व प्राणवायू सोडते. तो घेऊन जिवाणू घाण खातात. यंत्राचे काम सूर्यच करतो. नागपूरच्या ज्या संस्थेला आज आपण 'नीरी' म्हणतो, तिने अशा तळ्यांचा अभ्यास पूर्वीच केलेला आहे.

माझे मत असे, की लहान गावाने जे आपल्याला रोज चालवता येईल तेच उभारावे. तळ्यांना जागा जास्त लागते, आपल्या या गावाला दहा-पंधरा एकर तरी. काठावरचे गवत काढले नाही तर डासही होतात. पण गवत काढायला माणूस मिळतो. बंद पडलेल्या पंपाचा सुटा भाग आणि थकलेल्या वीजबिलाचे पैसे मिळणे अवघड असते. उद्‌घाटनानंतर बंद पडलेले केंद्र नदीच्या काय कामाचे?

"पैसा कुठे आहे?" असे कोणी विचारील. मध्य प्रदेशातील रतलामच्या उघड्या गटारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1980 सालीच बजावले आहे, की पैसा नाही या सबबीवर नगरपालिकेला आपले कर्तव्य टाळता येणार नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातील मोरीचे पाणी शेवटी कुठे जाते? गुरुजींना बरोबर घेऊन गटाराच्या कडेने चालत जा आणि शोधा. ते शुद्धीकरण केंद्रात जात असेल, तर केंद्र रोज किती तास चालते ते विचारा. सरळ नदीत जात असेल, तर वर केलेला हिशेब आपल्या गावाच्या लोकसंख्येसाठी मांडा आणि तो कागद नगराध्यक्षांच्या हाती द्या. खालच्या गावातील मुले तेच पाणी पितात, हेही त्यावर लिहायला विसरू नका.