निबंध उरला, पुस्तक गेले

दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत मध्यवर्ती कल्पना विचारली जाते ती कवितेची किंवा वेच्याची. अख्खे पुस्तक तिथे नसतेच; स्थूलवाचनाच्या विभागातही सुटे लेख असतात. एखादी कादंबरी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचावी, तिच्या मुळाशी काय आहे ते स्वतः शोधावे आणि त्यावर दोन पाने लिहावीत, अशी वेळ नागपूरच्या बहुतेक मुलांवर शाळा सुटेपर्यंत येत नाही.

हे दुखणे जुने आहे. आपल्या मुलांनी काय वाचावे आणि त्यावर काय लिहावे, हे या शहराबाहेरच ठरत आले. १८८३ साली हिस्लॉप कॉलेज निघाले, दोन वर्षांनी मॉरिस. पण परीक्षा आधी कलकत्त्याची, पुढे अलाहाबादची. शेकडो कोसांवरच्या परीक्षकाला काय रुचेल याचा अंदाज बांधून उत्तर घोकायचे, हीच हुशारी ठरली. १९२३ मध्ये नागपूरला स्वतःचे विद्यापीठ मिळाले, तरी घोकंपट्टी गेली नाही. नंतर तिला गाईडांनी पोसले.

वाचनाची दुसरी रीतही याच गावात होती. मॉरिस कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या कुसुमावती देशपांडे यांनी मराठी कादंबरीचे पहिले शतक तपासले, ते कादंबऱ्या मुळातून वाचून. १९६१ च्या ग्वाल्हेर साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या. तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री.

वेच्यावरून आशय सांगण्यात काय हरवते, ते ‘श्यामची आई’वरून कळते. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिले. त्यावरच्या निबंधात पिढ्यान्‌पिढ्या एकच गोष्ट येते: मातृप्रेम. ते खोटे नाही. पण सगळे पुस्तक वाचणाऱ्या मुलाला त्यात कर्जाने पोखरलेले घर दिसते, दारात उभा राहून आईचा अपमान करणारा सावकाराचा माणूस दिसतो. आणखी एक प्रसंग आहे. आई श्यामला म्हाताऱ्या महारणीची मोळी उचलून द्यायला पाठवते, आणि त्यानंतर अंघोळ करायलाही सांगते. १९५६ मध्ये ज्या नागपुरात लाखोंनी धम्मदीक्षा घेतली, जिथे १९७६ मध्ये बाबुराव बागुलांच्या अध्यक्षतेखाली दलित साहित्य संमेलन भरले, तिथल्या मुलीने त्या अंघोळीवर निबंध लिहिला तर तिला गुण मिळतील का? आदर्श उत्तराच्या मुद्द्यांत अंघोळ बसत नाही. मला मात्र तोच निबंध वाचायचा आहे. त्या आईची माया आणि तिच्या काळाची मर्यादा एकाच वाक्यात पकडणारी मुलगी साहित्य समजली, असे मी म्हणेन.

मराठीच्या शंभरांपैकी वीस गुण शाळेच्या हाती आहेत. त्यांतले दहा नववीपासून एका संपूर्ण पुस्तकावरच्या निबंधासाठी राखावेत. साठ मुलांच्या वर्गाला साठ प्रती परवडणार नाहीत, हे खरे. पण पाच मुलांत एक प्रत धरली तर बाराच लागतात, आणि त्या वर्षभर फिरू शकतात. शिक्षकांवर साठ निबंधांचा भार पडेल, म्हणून तेवढ्या आठवड्यांपुरती इतर कामे त्यांच्याकडून काढून घ्यावी लागतील. मंडळाने नमुना उत्तर मात्र पाठवू नये. एकाच पुस्तकाचे दोन मुलांना दोन अर्थ लागले आणि दोघांनी पानागणिक पुरावा दिला, तर दोघांनाही दहापैकी दहा द्यायची मुभा शिक्षकाला लेखी हवी.